कमळाबाईसाठी ज्युपिटर

लेन्स विकत घ्यायला प्रिती गमरे कुणाच्या घरी गेली की सुरुवातीला लेन्सकडे बघतच नाही. ती घर बघते. भिंतीला ओल कुठवर चढलीय, कपाट कुठल्या भिंतीला टेकलंय, ते उघडल्यावर डांबराच्या गोळ्यांचा वास येतो की बुरशीचा. मुंबईची हवा काचेला हळूहळू खाते. काचेच्या पोटात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, आणि मग ती लेन्स उजेडासमोर धरली की पलीकडचं जग म्हातारं दिसायला लागतं. म्हणून आधी घर. घर कोरडं वाटलं तर ती पाणी मागते, अर्धा पेला पिते, आणि मग म्हणते, "दाखवा."

तिला हव्या असतात त्या लेन्स दुकानात मिळत नाहीत. त्या सोव्हिएत बनावटीच्या, कितीतरी वर्षांपूर्वीच्या. त्या काळात आपल्या नौदलाची माणसं जहाजं आणायला तिकडे जात, तिकडची माणसं कामासाठी इकडे येत. जाता-येता कॅमेरे हात बदलत. फेड, झोर्की अशी त्यांची नावं. त्यांच्या तोंडावर आट्यांनी फिरवून बसवायच्या लेन्स, इंडुस्टार, ज्युपिटर. पुढे तो देशच राहिला नाही. लेन्स मात्र माझगाव, कुलाबा, गिरगाव इथल्या कपाटांत राहिल्या, जुन्या मोज्यांत गुंडाळलेल्या, कधी चांदीच्या भांड्यांशेजारी.

या कॅमेऱ्यांची एक गंमत आहे. त्यांत आपण लेन्समधून बघत नाही. शेजारच्या एका लहानशा खिडकीतून बघतो. खिडकीत समोरच्या माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात, एक ठळक, एक पुसट. लेन्स फिरवत त्या एकमेकींवर बसवायच्या. बसल्या की नेम लागला असं मानायचं. मानायचंच, कारण लेन्सला स्वतःला काय दिसतंय ते आपल्याला दिसत नाही. फिल्म धुवून निघेपर्यंत नुसता विश्वास. प्रितीला हेच आवडतं. ती म्हणते, माणसं तरी दुसरं काय करतात.

प्रिती परळच्या एका मोठ्या इस्पितळात एक्स-रे काढते. नोकरीला लागली तेव्हा तिथे डार्करूम होती. लाल दिव्याखाली टाकीत फिल्म बुडवायची आणि थोड्या वेळाने कुणाची तरी बरगडी पाण्यातून वर यायची. मग मशिनं बदलली, डार्करूमची अडगळीची खोली झाली, आणि प्रितीला जाणवलं की आपल्याला त्या खोलीतलं काहीतरी हवं होतं, पगाराव्यतिरिक्त. माझगावातल्या एका खलाशाच्या मुलाकडून तिने झोर्की घेतला. फिल्म घरीच धुवायला लागली. नायगावच्या चाळीतलं घर. डार्करूम म्हणजे मोरी. मोरीच्या दाराला काळं कापड लावून ती आत बसली की बाहेरून कमळाबाईचा आवाज यायचा, "प्रिते, आंघोळ करतेस की बाळंत होतेस?"

कमळाबाई तिची आत्या. नव्वदीकडे झुकलेली, नक्की वय कुणी लिहून ठेवलेलं नाही. त्याच इस्पितळात ती आया होती. तिथे आयांना नाव नसतं, मावशी म्हणतात. पेशंट मावशी म्हणत, नर्स मावशी म्हणत, पोरासोरांच्या वयाचे डॉक्टर मावशी म्हणत. ड्यूटी संपवून चाळीच्या जिन्यावर पाऊल टाकलं की ती नाव परत घेई. कुणी शेजारणीने चुकून मावशी म्हटलं तर थांबून सांगे, "मावशी तिकडे ठेवून आली. मी कमळाबाई." तिला मूलबाळ नव्हतं. प्रितीची आई लवकर गेली, तेव्हापासून प्रितीला तिनेच वाढवलं. एक्स-रेच्या कोर्सची वाटही तिनेच शोधली, वॉर्डात ज्याला त्याला विचारून, बारावी झालेल्या मुलीने काय केलं म्हणजे तिच्या हातात बादली येणार नाही.

इस्पितळाच्या मुख्य जिन्यावर जुन्या डीन लोकांची मोठी चित्रं आहेत. काळे कोट, सोनेरी चौकटी. त्या चौकटी पुसायचं काम कमळाबाईकडे असे, आणि पुसता पुसता तिने त्या माणसांचा चांगला अभ्यास केला होता. "ते हसत नाय," ती सांगायची. "आणि आपल्याकडे बघत नाय. आपण बघायचं त्यांच्याकडे, मान वर करून. त्यातल्या एखाद्याने काय पण केलेलं नसेल. तरी वाटतं, ह्यांनी केलं असणार."

गेल्या वर्षी शेजारची शेवंताबाई वारली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली, मेणबत्त्यांच्या मागे, तिचा फोटो ठेवला होता. घरात दुसरा धड फोटो नव्हता म्हणून पोरांनी आधार कार्डावरचाच मोठा करून आणला होता. डोळे अर्धवट मिटलेले, तोंड किंचित उघडं, चेहऱ्यावर राखाडी ठिपके. वंदना झाली, खीर झाली, माणसं पांगली. घरी येऊन कमळाबाई खाटेवर बसली.

"शेवंता अशी नव्हती."

"आधारचा होता गं आत्या," प्रिती म्हणाली. "घाईत मिळेल तो लावतात."

"माझा असला लावशील तर मी भिंतीवरून खाली उतरून येईन." मग जरा वेळाने तिने निर्णय सांगितला. "माझा आत्ता काढ. डीनसारखा. मोठा. आणि आत्ताच लाव."

"जिवंत माणसाचा कोणी लावतं का?"

"मग मेल्यावर लावून मला काय दिसणार?"

दिसण्याचा मुद्दा खरा होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, मधलं दिसणं हळूहळू जाईल, कडेचं राहील. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा तिला धुरकट दिसू लागला होता, आणि त्याच्या खांद्यापलीकडचं कॅलेंडर स्वच्छ. हा धूर किती भराभर पसरेल ते डॉक्टर सांगत नव्हते. म्हणजे फोटो असा हवा होता की तो कमळाबाईला स्वतःला बघता येईल, आणि बघता येईल तोवर हवा होता. त्या दिवसापासून प्रितीच्या डोक्यात दुसरं काम राहिलं नाही.

प्रितीची मुलगी श्रेया कॉलेजात आहे. तिने लगेच फोन काढला होता.

"बस आजी. पोर्ट्रेट मोडमध्ये काढते. मागचं सगळं ब्लर, एकदम भारी."

कमळाबाईने फोन डोळ्याच्या कडेला नेऊन बघितला. "नाक हाय का बटाटा?"

"जवळून काढलं ना, म्हणून."

"मग लांब जा."

"लांब गेले की तू छोटी दिसतेस."

"म्हणजे एकतर बटाटा, नायतर वाटाणा. ठेव तो खाली."

श्रेया हसून हसून बेजार झाली. प्रितीला मात्र त्यात विनोद दिसला नाही, कामाची अडचण दिसली. म्हातारी बरोबर बोलत होती. जवळ गेलं की नाक पुढे येतं. लांब गेलं की चेहरा लहान राहतो, आणि तो भिंतीसाठी मोठा करायला घेतला की फुटतो. झोर्कीवरची पन्नास मिलिमीटरची इंडुस्टारही तेच करत होती, जरा कमी. हवी होती पंच्याऐंशीची लेन्स, जी लांब उभं राहून चेहरा जवळ घेईल आणि चाळीच्या गॅलरीतल्या उजेडात भागवेल. झोर्कीला बसणारी अशी लेन्स म्हणजे ज्युपिटर-नऊ.

ती सापडता सापडेना. रशियातून मागवायची तर तिथलं युद्ध सुरू झाल्यापासून पार्सलचा भरवसा राहिला नव्हता. मुंबईत दोन घरांत होती. एकीच्या पोटात जाळं धरलेलं, दुसरीच्या आट्यांत कुणीतरी गोडंतेल सोडलेलं. एकदा वरळी कोळीवाड्यापर्यंत जाऊन आली, तर ती निघाली दुर्बिणीची काच. इकडे कमळाबाई दर रविवारी विचारायची, "मिळाली का गो तुझी काच?" आणि उत्तराकडे कान लावताना तोंड दुसरीकडे वळवायची, कारण आता सरळ बघून तिला प्रितीचा चेहरा वाचता येत नव्हता.

मग गिरगावातून अर्णव मायदेव नावाच्या मुलाची जाहिरात दिसली, "आजोबांची रशियन लेन्स." फोटोत ती इतकी चकचकत होती की प्रितीला वाटलं, हा कुणीतरी नवीन घडवलेला नकली माल. तरी ती गेली.

अर्णव नोकरीला पुण्यात. घरी त्याची आजी एकटी, आनंदीबाई. ऐंशी ओलांडलेल्या, बारीक, ताठ. घर कोरडं होतं, नुसतं कोरडं नाही, लखलखीत. पितळी डबे, तांब्याची घागर, देव्हाऱ्यातले देव, कशावर बोटाचा ठसासुद्धा नव्हता. प्रितीने पाणी मागितलं, अर्धा पेला प्यायली, आणि म्हणाली, "दाखवा, काकू."

आनंदीबाईंनी लेन्स पानाच्या तबकातून आणली.

"आमचे अण्णा, अर्णवचे आजोबा, माझगावच्या गोदीत स्टोअरला होते," त्या म्हणाल्या. "तिथे निकोलाय म्हणून एक रशियन इंजिनिअर यायचा. त्याला इथलं जेवण सोसेना. अण्णा त्याला घरी घेऊन आले. मी मऊ भात, मेतकूट, तूप वाढलं. मग रोजच यायला लागला. जाताना कॅमेरा आणि ही देऊन गेला."

"कॅमेरा आहे?"

"अण्णांच्या भाच्याने हरवला. त्याचं नाव काढू नका."

प्रितीने लेन्स हातात घेतली. जड, चांदीसारखी. आणि पूर्ण कोरी. अंतराचे आकडे, उजेड कमीजास्त करायचे आकडे, पुढच्या कड्यावरची रशियन अक्षरं, कारखान्याची खूण, सगळ्यांतला रंग गेलेला. बोट फिरवलं की खाचा लागत होत्या, डोळ्याला काही दिसत नव्हतं.

"हिला काय लावता?"

"चिंच. मग रांगोळीने घासते. दर दिवाळीला, देवांबरोबर." आनंदीबाईंची मान वर झाली. "अण्णा गेल्यापासून एक दिवाळी चुकलेली नाही. काचेला नाही हं लावलं. काच मलमलीने."

"छान ठेवलीय," प्रिती म्हणाली, आणि ते खरं होतं.

"परवा एक जण येऊन गेला, मोठा कॅमेरा गळ्यात घालून. त्याच्या कॅमेऱ्याला लावून बघितली. म्हणाला, चित्र सुंदर येतंय, पण अक्षरं गेली, आता शोकेसमध्ये कोण ठेवणार. मी म्हटलं, शोकेसमध्येच ठेवायची तर माझ्या घरी राहू दे. चपला घाला."

प्रितीने लेन्स खिडकीसमोर धरली. काच स्वच्छ, एक जाळं नाही, एक चरा नाही.  आनंद तिने चेहऱ्यावर येऊ दिला नाही. पिशवीतून झोर्की काढला. त्यात फिल्म नव्हती. कॅमेऱ्याची पाठ सोडवून जिथे फिल्म असते तिथे तिने बटर पेपरचा तुकडा ताणून चिकटवला, शटर उघडं राहील असं केलं, आणि लेन्स फिरवून बसवली.

"काकू, तीन फुलपात्रं द्याल?"

फुलपात्रं तिने टेबलावर तिरकी, एकामागे एक मांडली. कॅमेऱ्याच्या खिडकीतून मधल्यावर नेम धरला. ठळक आणि पुसट, त्याच्या दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसवल्या. मग काळी ओढणी डोक्यावरून घेऊन बटर पेपरकडे बघितलं. कागदावर उलटं, इवलंसं टेबल उमटलं होतं. मधलं फुलपात्र मऊ. मागचं स्वच्छ.

तिने पुन्हा केलं. पुन्हा मागचंच.

"काय झालं?" आनंदीबाईंनी विचारलं.

"खोटं बोलतेय."

"कोण?"

"ही. मी हिला मधलं दाखवते, ही मागचं बघते."

"अण्णांचं तसंच होतं," आनंदीबाई म्हणाल्या.

परवाच्या माणसाला हे कळणं शक्य नव्हतं. त्याच्या नव्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर लेन्सला दिसेल तेच दिसतं. त्यावर ती कधी खोटी ठरणारच नाही. झोर्कीवर मात्र कमळाबाईच्या डोळ्यांवर नेम धरला असता तर तिचे कान स्वच्छ आले असते, नाहीतर मागची भिंत. आणि हे कळलं असतं फिल्म धुवून झाल्यावर.

प्रितीने लेन्सचा पुढचा भाग, ज्यात काचा असतात तो, हाताने फिरवून अलगद काढला. आतल्या कडेवर एक गोल पट्टा बाकीच्या धातूपेक्षा उजळ होता. तिथे काहीतरी बसलेलं असायचं. काय, ते तिला माहीत होतं. कारखान्यात प्रत्येक लेन्स तपासून तिच्यापुरती एक पातळ कडी आत घालत. काच फिल्मपासून नेमकी किती दूर राहायची ते ती कडी ठरवते.

"काकू, ही कधी उघडली होती का? आत एक कडी असते. पातळ, बांगडीसारखी."

 आनंदीबाईंनी देव्हाऱ्याकडे बघितलं.

"आतून घासावी म्हणून एकदा उघडली होती," त्या म्हणाल्या. "कडी हातात आली. मला वाटलं, खोक्यातलं पॅकिंग असेल तसलं काही. आमची अन्नपूर्णा डुगडुगायची, बूड वाकडं आहे तिचं. खाली घालून बघितली, तर बरोब्बर बसली. तेव्हापासून ती त्यावरच उभी आहे."

दोघी बघत राहिल्या. शंख आणि बाळकृष्ण यांच्या मधे बोटाएवढी अन्नपूर्णा पळी घेऊन उभी होती. तिच्या पायाखाली करड्या धातूची एक बारीक कड दिसत होती.

"घे काढून," आनंदीबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यातलं अहो-जाहो कधी गळालं ते दोघींनाही कळलं नव्हतं. "तूच उचल. माझा हात थरथरतो, मी बाकीचे पाडीन. अन्नपूर्णेला आपण पुठ्ठा घालू."

प्रिती जागची हलली नाही.

"आमच्यात देवाला हात लावत नाहीत, काकू."

"आमच्यात म्हणजे?"

"आम्ही बौद्ध. बावीस प्रतिज्ञांचं घर आहे आमचं. देव मानत नाही, पूजत नाही. उचलत पण नाही. तुमचे तुम्ही सांभाळा."

हे तिने हसत सांगितलं, पण सांगितलं. प्रतिज्ञांमध्ये उचलण्याबद्दल काही नाही. ते तिने त्या क्षणी स्वतःच्या पदरचं घातलं होतं, आणि घातल्याचा तिला आजही आनंद आहे.

आनंदीबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या, आवाज न करता, पदर तोंडाला लावून.

"माझ्या सासूबाई असत्या ना, तर त्यांनी तुला या खोलीत येऊ दिलं नसतं. आणि आज मी स्वतः उचल म्हणतेय, तर तू नाही म्हणतेस."

"हो."

"आता त्यांना हे कोण सांगणार?"

"तुम्हीच सांगा. माझी ओळख नाही."

यावर आनंदीबाई मोठ्याने हसल्या. हसून झाल्यावर टेबलाला धरून उठायला लागल्या. "थांब, मीच काढते. थरथरला हात तर थरथरला."

"नको," प्रिती म्हणाली. "उभी आहे ना नीट, राहू दे तिला. मी माझी कडी करून घेते."

"कशाची करशील?"

"एक्स-रेच्या फिल्मची."

किमतीचं बोलणं दोन वाक्यांत झालं. अक्षरं गेली म्हणून प्रितीने काही कमी केलं नाही, आणि देवाखाली कडी राहिली म्हणून आनंदीबाईंनी काही सोडलं नाही. दोघींनाही ते बरं वाटलं. निघताना आनंदीबाईंनी लेन्स तबकातून उचलून पदराने एकदा पुसली आणि तिच्या हातात दिली.

एक्स-रेची फिल्म पातळ असते, सगळीकडे सारखी जाड असते, आणि दमट हवेत फुगत नाही. प्रितीने वाया गेलेल्या कोऱ्या फिल्ममधून कड्या कापल्या, श्रेयाच्या कंपासला ब्लेड बांधून. श्रेयाने नखं कापायच्या कात्रीने त्यांच्या कडा साफ केल्या. चाळीच्या गॅलरीत स्टुलावर स्टीलचे पेले मांडले. एक कडी घालून बघितली, नेम अजून मागेच, पण जरासा पुढे सरकलेला. मग दोन. जाणारे-येणारे थांबून विचारत होते, काय चाललंय, आणि कमळाबाई आतून सांगत होती, "काच शिकवतेय ती, मधे मधे बोलू नका." तिसरी कडी घातल्यावर मधला पेला बटर पेपरवर असा उमटला की त्याच्या काठावरचा पोचा दिसला. प्रितीने ओढणी डोक्यावरून काढली. मॉस्कोजवळच्या कुठल्यातरी कारखान्यात, कुणीतरी, कदाचित तिच्यासारखीच कुणी बाई, या लेन्ससमोर वाकून असंच काहीतरी मोजत बसली असेल. ते काम नायगावात पुन्हा झालं होतं. तिला कुणाला हाक मारून सांगावंसं वाटलं, मग वाटलं, नको.

फोटोच्या दिवशी कमळाबाईने सहा डिसेंबरला नेसते ती पांढरी साडी नेसली. गॅलरीत लाकडी खुर्ची ठेवली. दुपारचा उजेड समोरच्या चाळीवर आपटून मऊ होऊन येत होता. शेजारपाजारचे कठड्याला टेकून जमले.

"कमळाबाई, हसा की जरा."

"डीन हसत नाय."

श्रेयाने आतून जाडजूड पुस्तक आणलं. "आजी, डीनच्या हातात पुस्तक असतं ना?"

"मला वाचता येत नाय. खोटं नको."

"मग पेन धर."

"नको. काय नको." कमळाबाईने हात मांडीवर ठेवले, एकावर एक, तळवे खाली. "नोकरीभर हातात बेडपॅन, नायतर बादली, नायतर कुणाचं तरी पोर. आज हात मोकळे ठेव."



प्रिती जमिनीवर बसली, कारण डीन वरून बघतात. लेन्सवरचे आकडे नव्हते. उजेडाचं कडं तिने खाचा बोटाने चाचपत फिरवलं.

"आत्या, कुठे बघतेस?"

"तुझ्यावरून."

"बघत राहा."

छोट्या खिडकीत दोन कमळाबाई होत्या. एक ठळक, एक पुसट, किंचित बाजूला सरकलेली. प्रितीने श्वास धरला आणि लेन्स फिरवली. पुसट बाई हळूहळू ठळक बाईत शिरली, साडीचा काठ काठाला मिळाला, डोळा डोळ्यावर आला. मग शटर.

त्या संध्याकाळी मोरीच्या दाराबाहेरून कमळाबाई काही ओरडली नाही. दाराशी खुर्ची ओढून बसून राहिली. टाकीतून फिल्म निघाली तेव्हा प्रितीने ती बल्बसमोर धरली, भिंगाने डोळे बघितले, पुन्हा बघितले, आणि मोरीतच खाली बसली. आतून आवाज येईना म्हणून कमळाबाईने दार वाजवलं.

"काय आलं? कान?"

"डोळे," प्रिती म्हणाली.

मोठा फोटो दादरच्या एका जुन्या माणसाकडून करून घेतला. चौकट सोनेरी, त्यावर तडजोड नव्हती. तो घरी आला तेव्हा कमळाबाईने लगेच लावू दिला नाही. खाटेसमोर भिंतीला टेकवायला सांगितला. सरळ बघितलं तर मधे धूर. म्हणून तिने मान वळवली, दाराकडे बघतेय असं केलं, आणि डोळ्याच्या कडेने फोटो बघायला लागली. एका कोपऱ्यापासून सुरू करून, थोडा थोडा. बराच वेळ गेला.

"नाक?"

"नाकासारखं नाक," श्रेया म्हणाली.

"होय, दिसतंय."  आणि मग, मान तशीच वळलेली ठेवून, "आया दिसते का गो?"

श्रेयाने आईकडे बघितलं. तिला वाटलं, आजी दुखावली जाऊ नये. "छे आजी, आया कुठली. एकदम डीन."

"डीन कशाला?" कमळाबाई चिडली. "डीन असती तर डीन दिसली असती. मी आया होती. आया दिसली पायजे. डीनसारखा काढलेला फोटो, पण बाई कोण, तर आया. नीट बघून सांग."

श्रेयाने नीट बघितलं. प्रितीनेही बघितलं, नेम बरोबर लागलाय की नाही हे पहिल्यांदाच विसरून. पांढऱ्या साडीतली ताठ बाई. डोळ्यांच्या कडांना एकेक सुरकुती मोजता येईल अशी. मांडीवरचे हात डोळ्यांइतके धारदार नव्हते, तरी बोटांचे सुजलेले सांधे कळत होते, फिनाईलने कायमची खडबडीत करून टाकलेली नखं कळत होती. ती बाई बघणाऱ्याच्या डोक्यावरून पलीकडे कुठेतरी बघत होती, जणू वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी राहिलंय आणि ते तिलाच दिसलंय.

"दिसते," प्रिती म्हणाली.

"मला बरं वाटावं म्हणून नको."

"हातांवरून कळतं. वॉर्डातली आहे, कुणी पण ओळखेल."

"आणि ओळखून काय म्हणेल?"

प्रितीने जरा विचार केला. "हिने केलं असणार, असं म्हणेल."

कमळाबाईने मान हलवली, एकदाच. मग श्रेयाला हातोडी आणायला पाठवलं. प्रिती स्टुलावर चढली. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली एक जागा होती, तिथे तिने खिळा टेकवला. खाटेवरून कमळाबाई तिरक्या मानेने सांगत होती, जरा डावीकडे, जरा वर. गॅलरीतून शेजारच्या बायका डोकावत होत्या. पहिला घाव बसला तेव्हा भिंतीतून चुना झडला, आणि कमळाबाई म्हणाली, "ठोक. घट्ट ठोक."